अंबुजाक्का आणि कमरेएवढा घोडा

अंबुजाक्का माझ्या घरमालकीण. वरच्या मजल्यावरच्या खोल्या बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "खांदे मागें घ्या बाई. पंचेचाळिशींत अशा वाकलात तर सत्तरींत काय कराल?"

मी खांदे मागे घेतले. मग त्यांनी किल्ली दिली.

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही सांगलीहून तंजावूरला आलो होतो. मला तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. राजवाड्यामागच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं आहेत, असं कुणीतरी सांगितलं म्हणून तिथे घर शोधलं. घरं होती, पण मराठी ऐकायला कान थोडे तयार करावे लागले. चाल तमिळची आणि शब्द आमच्या खापरपणजीच्या वेळचे. अक्का तर बोलता बोलता तमिळमध्ये जाऊन परत यायच्या. त्यांचा एक शब्द मात्र मी पहिल्याच आठवड्यात शिकले. "पोदुम." म्हणजे पुरे. वाढणाऱ्याला पोदुम, फार बोलणाऱ्याला पोदुम, नळ सोडून गप्पा मारणाऱ्या मोलकरणीला पोदुम. आवाज चढत नसे, पण समोरचा थांबायचा.

थांबणारच. अक्का बत्तीस वर्षं तिथल्या मुलींच्या शाळेत पीटी टीचर होत्या. मी राहायला गेले तेव्हा त्यांना सत्तरावं लागलं होतं. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या गोफात ओवलेली शिट्टी. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वेळ झाली नाहीं. संध्याकाळीं थ्रोबॉलची प्रॅक्टिस असायची."

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही मोठी करमणूक होती. भाजीवाली, पोस्टातली बाई, साडीच्या दुकानातली काउंटरवरची बाई, सगळ्या त्यांच्या विद्यार्थिनी. अक्का दिसल्या की या चाळिशी-पन्नाशीच्या बायका हातातलं काम टाकून ताठ उभ्या राहायच्या. एकदा टाउन बसमधली एक पोलीस बाई त्यांना बघून उठली आणि स्वतःची जागा दिली. अक्का बसल्या नाहीत. "तूंच बस. तूं आठवींत असल्यापासून मी तुझी पाठ बघतें," म्हणाल्या.

घोडा आला तो आमच्या तिथल्या दुसऱ्या वर्षी. पापनाशमला त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या मुलीचं लग्न होतं. "चल, इडली चांगली असते," म्हणून मलाही बरोबर नेलं. मंगल कार्यालयाच्या दारात, संगमरवरी फरशीवर, दिव्यांच्या माळांखाली एक घोडा उभा होता. माझ्या कमरेएवढा. मला वाटलं शिंगरू असेल. शिंगरू नव्हतं, पुरता वाढलेला, सहा वर्षांचा घोडा होता. काही जातीच एवढ्याशा असतात. डोक्यावर तुरा, अंगावर चमकी, खुरांना सोनेरी रंग. लहान मुलांना त्याच्याजवळ उभं करून फोटो काढणं चाललं होतं. सगळे "अय्यो, किती गोड!" करत होते.

अक्का गोड वगैरे काही म्हणाल्या नाहीत. रेशमी साडीत तिथेच फरशीवर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी घोड्याचा पुढचा पाय उचलला. खूर पुढे वाढून जुन्या मोजडीच्या टोकासारखा वर वळला होता. फोटोचं कंत्राट घेतलेला माणूस धावत आला.

"टीचर, ते असंच असतं. फॉरेनचं आहे."

"फॉरेनला नखं कापत नाहीत?"

तो हसला. अक्का हसल्या नाहीत. त्याची बायकोही त्यांचीच विद्यार्थिनी निघाली, आणि ती नवऱ्यामागे ताठ उभी होती, यावरून पुढे काय होणार ते मला कळलं. घोडा त्या महिन्यात लंगडायला लागला होता आणि लंगडा घोडा फोटोत कुणाला नको होता. आठ दिवसांनी एका छोट्या टेम्पोत, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या मधोमध उभा राहून तो आमच्या गल्लीत आला.

मी म्हटलं, "अक्का, दया आली म्हणून एवढं मोठं काम अंगावर घेतलंत?"

"दया कसली? नखें वाढलीं होतीं म्हणून आणलें. वांकडें उभें राहिलेलें मला बघवत नाहीं."

आता हे घर साधंसुधं नव्हतं. गल्लीत त्याला अजून पागेवाल्यांचं घर म्हणायचे. अक्कांचे कुणी पूर्वज राजांच्या पागेत घोडे सांभाळायला होते. घोडे गेले, पागा गेली, पण खंडेनवमीला घोड्याची पूजा करायचा मान त्या घराकडे राहिला. पूजेला घोडा हवा, म्हणून एक लाकडी घोडा केलेला होता. सगळ्या मराठी घरांतून माणसं यायची आणि त्या लाकडी घोड्यापुढे मूठभर भिजवलेले हरभरे आणि गूळ ठेवून जायची. पूजा सांगायचे अक्कांचे चुलतभाऊ दत्ताजीअण्णा. वय ब्याऐंशी, सरकारी कचेरीतून निवृत्त, समोरच्याच घरात राहायचे. खरा घोडा दारात आलेला पाहून अण्णा काठी विसरून गल्ली ओलांडून आले.

"अंबुजा," ते म्हणाले, "याचें नांव दौलत. आपल्या पागेंतल्या शेवटल्या घोड्याचें नांव दौलत होतें म्हणून माझे आजोबा सांगत."

"तो केवढा होता?"

"तो मोठा होता."

"मग हा धाकटा दौलत," अक्का म्हणाल्या.

दौलत राहायला लागला आणि मला कळलं की लहान घोडा सांभाळणं मोठा घोडा सांभाळण्यापेक्षा अवघड. तो नुसत्या गवताच्या वाऱ्यावरही लठ्ठ होतो. लठ्ठ झाला की खुराच्या आत सूज येते आणि मग तो कायमचा जातो. हे सगळं अक्कांना डॉक्टर सेल्वीने सांगितलं. सेल्वी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात होती, दिवसभर गाई-म्हशी बघायची. शाळेत असताना ती अक्कांच्या कबड्डीच्या संघात होती. घोड्यांबद्दल तिलाही फारसं माहीत नव्हतं. पण तिने पुस्तकं काढली, घोड्यांच्या डॉक्टरांना फोन केले आणि जे कळलं ते अक्कांना शिकवलं. अक्का समोर वही घेऊन बसायच्या. शिकवताना सेल्वी उभी असायची.

साडेपाचला अक्कांचा दिवस सुरू व्हायचा. आधी गवत ताणकाट्यावर टांगायचं, वजन करायचं आणि जाळीच्या पिशवीत भरायचं, म्हणजे दौलतला ते एकेक काडी ओढून खावं लागेल. मग आकडीने चारी खूर साफ करायचे. शेवटी प्रत्येक खुरावर तळहात ठेवून थांबायचं. गरम आहे का थंड? आईने पोराच्या कपाळाला हात लावावा तसं मला लिहिता येईल, पण ते तसं नव्हतं. ड्रायव्हर टायरची हवा बघतो तसं होतं. सहा आठवड्यांनी कानस घेऊन खूर घासायचे. बैलांना पत्री मारणारा एक म्हातारा त्यांनी पहिल्यांदा बोलावला होता. तो दौलतला बघून एवढा हसला की अक्कांनी त्याच्या हातातून कानस घेतली आणि पुढे ते काम स्वतःच केलं.

मग फिरायला जायचं. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे चाल, एक लांब म्हणजे थांब. दौलत तीन आठवड्यांत शिकला. "माझ्या सहावीच्या मुलींना सहामाही लागायची," अक्का म्हणायच्या. राजवाड्याच्या भिंतीकडेने ही जोडी निघाली की रिक्षावाले शिट्टी ऐकून ब्रेक मारायचे. दौलतही थांबलेला असायचा. रिक्षा आणि घोडा एकमेकांकडे बघत उभे.

लोक त्याला खायला घालायचे हीच खरी पीडा. केळं, वडा, पोंगल, कुणी तर म्हैसूरपाक. अक्कांनी दारावर "खायला घालू नये" अशी पाटी लावली, तमिळ आणि इंग्रजीत. मग मला म्हणाल्या, "मराठींतही लिहून दे." अक्का मराठी बोलायच्या, पण देवनागरी एकेक अक्षर लावून वाचायच्या. गल्लीत बाकी कुणाला वाचता येत नव्हतं.

"अक्का, ती वाचणार कोण? आम्ही दोघं."

"तूंही घालूं नकोस."

पाटी मी लिहिली.

त्या वर्षी खंडेनवमीला गल्लीत जे वातावरण होतं ते सांगून कळायचं नाही. तमिळ घरांची त्या दिवशी आयुधपूजा असते. सगळ्या स्कूटर आणि रिक्षा धुऊन, हळदकुंकू लावून उभ्या. त्यांच्या मधोमध झेंडूची माळ घातलेला दौलत. अण्णांनी कुठल्या तरी पेटीतून जरीचा फेटा काढून बांधला होता. जन्मभर त्यांनी लाकडाला अक्षता लावल्या होत्या.

पूजा झाली आणि अण्णा म्हणाले, "अंबुजा, आज मूठ द्यायची ना?"

अक्कांनी दौलतच्या खुरांकडे पाहिलं, मग अण्णांच्या फेट्याकडे. मग म्हणाल्या, "एका घराची एक मूठ. ज्यास्त नाहीं."

पहिली मूठ अण्णांची. मग एकेक घर आलं. म्हाताऱ्या आल्या, नोकरीला चेन्नईला गेलेली पोरं आली, सुना आल्या. प्रत्येकाने एकच मूठ दिली, सगळे अगदी शिस्तीत. दौलत हरभरे आणि गूळ चावत होता, मान हलवत होता आणि लोक डोळे पुसत होते. मी रसायनशास्त्र शिकवते. मात्रा म्हणजे काय ते मला कळायला हवं होतं. तीस घरं, तीस मुठी, आणि घोडा जेमतेम पंच्याऐंशी किलोचा. मोठ्या घोड्याच्या पागेत बसवलेली रीत आम्ही जशीच्या तशी या एवढ्याशा घोड्याला लावली. मी फोटो काढत होते.

त्या दिवशी अक्का एकदाही पोदुम म्हणाल्या नाहीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी ऐकू आली नाही म्हणून मी खाली गेले. दौलत पुढचे पाय लांब करून, सगळं वजन मागे टाकून उभा होता, तापलेल्या तव्यावर उभं केल्यासारखा. अक्का गुडघ्यावर बसल्या होत्या, दोन्ही तळहात दोन खुरांवर.

"हात लाव," म्हणाल्या.

मी लावला. खूर चांगलाच गरम होता.

सेल्वी आली, तिने पाय तपासले, नाडी बघितली. अक्कांकडे बघायचं टाळून ती म्हणाली, "टीचर, आत सूज आहे. तीन-चार दिवस कळणार नाही. आतलं हाड खाली फिरलं तर... मग त्याला शांतपणे झोपवण्याशिवाय इलाज नाही."

"काय करायचं ते सांग," अक्का म्हणाल्या. "रडायचं केव्हा ते मागनं सांग."

बर्फ लागणार होता, आणि सतत. धुण्याच्या दोन टबांत पुढचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवायचे. चालवायचं नाही. गल्लीच्या टोकाला एक घर बांधत होते, त्यांच्याकडून वाळू आणून जाड बिछाना केला. गवत तासभर पाण्यात बुडवून, त्यातली साखर काढून मगच द्यायचं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बर्फासाठी प्राचार्यांना रीतसर अर्ज दिला. विषय : घोड्याच्या पायांसाठी बर्फ मिळणेबाबत. प्राचार्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि घर कुठलं ते विचारलं. मी सांगितलं. "अंबुजा टीचर? माझी बायको त्यांची विद्यार्थिनी," म्हणाले आणि सही केली. ज्यूसच्या दुकानवाल्याने लाद्या पाठवल्या. कुणाच्या घरी फ्रिज होता त्याने ट्रे पाठवले. ज्या तीस घरांनी मूठ दिली होती त्यांतलं एकही घर बर्फ आणल्यावाचून राहिलं नाही.

अण्णा दुसऱ्या दिवशी दारात आले. आत येईनात. उंबऱ्यापाशीच धोतराचं टोक डोळ्यांना लावून उभे.

"मी मारलें गे त्याला, अंबुजा. मीच मूठ मागितली."

अक्का टबात बर्फ फोडून टाकत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही मूठ दिली. मोजायचें काम माझें होतें. मला ठाऊक होतें आणि मी तोंड उघडलें नाहीं. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून." मग तो बर्फ फोडायचा दस्ता त्यांच्यासमोर धरला. "आंत या. हें फोडा. माझा खांदा दुखतो."

ब्याऐंशी वर्षांचे अण्णा वाळूत बसून बर्फ फोडू लागले. अक्कांनी कुणालाही बोल लावला नाही, स्वतःला त्या एका वाक्यापलीकडे नाही, आणि काम थांबवलं नाही. मी आयुष्यात बरीच शहाणी माणसं पाहिली. चूक झाल्यावर इतकं सरळ उभं राहिलेलं दुसरं माणूस मला आठवत नाही.

चौथ्या दिवशी दौलतने वजन पुढे घेतलं. सेल्वीने दवाखान्यातलं एक्स-रेचं यंत्र आणून पायांचा फोटो काढला. हाड जागेवर होतं. ती "टीचर!" एवढंच म्हणाली आणि रडू लागली. अक्कांनी तिला पाणी दिलं. "आतां रडायला हरकत नाहीं," म्हणाल्या आणि स्वतः टब घासायला गेल्या. बराच वेळ घासत होत्या. दोनच टब होते.

दोन महिन्यांनी दौलतच्या खुरांवर, वरच्या बाजूला, एक आडवी वळी दिसू लागली. खूर नखासारखाच वाढतो. सूज आली तेव्हाची खूण त्याच्याबरोबर खाली सरकत जाते. अक्कांनी शाळेतली सहा इंची पट्टी काढली. दर रविवारी त्या ती वळी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. मी म्हटलं, "अक्का, ती आपोआप खाली जाईल. मोजून काय होणार?"

"त्या दिवशीं मोजलें नाहीं," त्या म्हणाल्या.

पुढची खंडेनवमी जवळ आली तेव्हा गल्लीत कुजबुज सुरू झाली. पूजा करायची का? आणि करायची तर मूठ? अण्णा म्हणाले, पुन्हा लाकडी घोडाच काढू. अक्का म्हणाल्या, "घोडा दारांत असतां लाकूड कशाला?"

त्या दिवशी माणसं जमली तेव्हा अंगणात दौलतशेजारी एक स्टूल होतं. स्टुलावर खुराची आकडी आणि ब्रश. अक्कांनी एक लांब शिट्टी दिली. सगळी गल्ली थांबली.

"आमच्या वडील माणसांना घोड्याचा मान कसा मिळाला?" त्या म्हणाल्या. "गूळ घालून? नाहीं. पागेंत घोड्याचीं नखें काढून, लीद उचलून मिळाला. ज्याला मान पाहिजे त्यानें हात घाण करायचा. एका घराचा एक हात. गूळ-हरभरे तिकडे ताटांत ठेवा, पोरें खातील."

मागून कुणीतरी बोललं, "टीचर, माझी साडी नवी आहे हो!"

"धुतां येते. ये पुढें."

पहिला मान अण्णांचा. त्यांना स्टुलावर बसवलं. अक्कांनी दौलतचा पाय उचलून त्यांच्या मांडीवर दिला. अण्णांनी आकडी फिरवली, चिखलाचा गोळा जरीच्या उपरण्यावर पडला. अण्णा त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अंबुजा, ती वळी कुठें गेली?"

"जमिनीपर्यंत आली. सकाळींच घासून काढली."

मग एकेक घर पुढे आलं. कुणी खूर साफ केला, कुणी अंगावरून एकदा ब्रश फिरवला. तीस घरांचे तीस हात. दौलत इतका चकाकू लागला की शेजारच्या धुतलेल्या रिक्षाही फिक्या दिसल्या. मी पुन्हा फोटो काढत होते, त्यामुळे माझी पाळी राहून गेली. मला वाटलं कुणाच्या लक्षात आलं नसेल.

पाच वर्षांनी नवऱ्याची बदली परत सांगलीला झाली. निघायच्या दिवशी सकाळी ट्रक पुढे गेला होता, रिक्षा दाराशी उभी होती, गाडीला पाऊण तास होता. मी पेढ्यांचा पुडा घेऊन खाली गेले. अक्का अंगणात होत्या. मी पुडा दिला. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला, उरलेला पुडा दौलतच्या तोंडाला लागणार नाही अशा उंच खिळ्यावर टांगला आणि माझ्या हातात आकडी दिली.

"पुढचा डावा. तुझा राहिला आहे."

"अक्का, गाडी चुकेल."

"पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत वांक. दोन मिनिटें लागतात."

मी बॅग खाली ठेवली, पदर खोचला आणि वाकले. दौलतने पाय उचलून दिला, शिकलेल्या मुलासारखा. चिखल काढला, मधली खाच साफ केली. तिथून मला अक्का दिसत होत्या त्या फक्त घोट्यापर्यंत : पांढरे कॅनव्हासचे बूट, एकाची नाडी तुटली होती आणि तिच्या जागी गवताच्या पेंढीची सुतळी ओवली होती. बूट जवळ आले.

"आतां हात ठेव," वरून आवाज आला. "घाई करूं नकोस. कसा आहे?"

मी तळहात खुरावर टेकवला आणि थांबले. रिक्षावाल्याने हॉर्न दिला. अक्कांनी एक लांब शिट्टी मारली आणि तो गप्प झाला.

"थंड आहे," मी म्हटलं.

"मग जा."